पुस्तक घ्यायला कुणी सांगितलं?

माझ्या फोनमध्ये ‘घ्यायची पुस्तकं’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात सगळे स्क्रीनशॉट. कुणाच्या स्टोरीतलं मुखपृष्ठ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली सवलतीची जाहिरात, एखाद्या रीलमध्ये दोन सेकंद दिसलेला कपाटाचा कप्पा. पावसाळ्यातल्या एका रविवारी बसून मी ते मोजले. एकशे बारा निघाले. त्यांतली प्रत्यक्षात विकत घेतलेली पुस्तकं फक्त नऊ. मग त्या नऊ पुस्तकांपुढे मी लिहून काढलं, की हे आपल्याला कुणी सांगितलं होतं. चार एकाच मैत्रिणीने. दोन कॉलेजातल्या सरांनी. दोन दुकानातल्या काकांनी, ‘हे वाच, नाही आवडलं तर परत आण’ असं म्हणून. आणि उरलेलं एक त्या रीलवाल्याने.

म्हणजे पुस्तक मी निवडलं असं मला वाटत होतं, पण त्याआधी मी माणूस निवडला होता. कुणाचं ऐकायचं हे ठरलं की पुस्तक जवळजवळ ठरलेलंच असतं.

ही सवय फोनने लावलेली नाही. मराठीत छापील पुस्तक विकायला आल्यापासून हा प्रश्न वाचकापुढे आहे, आणि प्रत्येक पिढीने त्याचं वेगळं उत्तर दिलं आहे. काहींना ते उत्तर आयतं मिळालं. काहींना कुणी सांगणारंच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची वाट पाडली.

तुपाची शाई

सुरुवातीला प्रश्न ‘कोणतं पुस्तक घ्यायचं’ हा नव्हताच. ‘छापलेल्या कागदाला हात लावायचा का’ हा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मराठी छपाई होती ती मुख्यतः मिशनरी आणि सरकारी छापखान्यांत. मिशनरी आपली पत्रकं नि पुस्तिका फुकट वाटत. ती घेणाऱ्याला पैसे पडत नसले तरी संशय भरपूर होता: कागद कुठला, मजकूर कुणाचा, आणि शाईत काय घातलंय? शाईत जनावराची चरबी असते हे लोकांना माहीत होतं. घरातली पोथी सोवळ्यात वाचायची, तिथे ही शाई कशी चालणार?

गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी समाजातल्या माणसाने हा प्रश्न ओळखला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून त्याने स्वतःच्या हिकमतीने छापखाना उभारला आणि शाईत चरबीऐवजी तूप वापरलं. १८३१ मध्ये त्याने छापलं ते पंचांग. ही निवडही विचार करण्यासारखी आहे. पंचांग दरवर्षी नवं लागतं, घराघरात लागतं आणि ते हाताने उतरवून घेणं वेळखाऊ असतं. ज्याची गरज आहे ती वस्तू, ज्याला आक्षेप घेता येणार नाही अशा शाईत. पुढे धार्मिक ग्रंथ छापले जाऊ लागले तेव्हाही कित्येक दिवस त्यांचा आकार जुन्या पोथीसारखाच आडवा, सुट्या पानांचा ठेवला जाई. पुस्तक नवं असलं तरी हातात धरल्यावर ओळखीचं वाटलं पाहिजे, हे त्या छापणाऱ्यांना कळलं होतं.

आणखी काही दशकांनी जावजी दादाजींचा ‘निर्णयसागर’ छापखाना आला, १८६९ मध्ये. जावजींचा आधीपासून टाइप पाडण्याचा कारखाना होता. अक्षर सुबक, मुद्रितं नीट तपासलेली, म्हणून ‘निर्णयसागरची प्रत’ हे शब्दच खात्रीचे झाले. संस्कृत ग्रंथ घेणारा माणूस संपादक कोण हे पाहायच्या आधी छापखाना कुठला ते पाही. आज आपण प्रकाशकाचं नाव बघून पुस्तक उचलतो, त्याचं मूळ इथे आहे.

सरकार, शेठ आणि वर्गणीदार

पण पंचांगं नि पोथ्या सोडून नवं मराठी पुस्तक कोण विकत घेणार? निबंध, इतिहास, भूगोल, विज्ञान, कादंबरी? शिकलेले लोक मूठभर, त्यातही पुस्तकावर पैसे घालवणारे त्याहून कमी.

पहिला मोठा ग्राहक सरकार होतं. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी ती चालू ठेवली, पण १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी मागणी केली की या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्या. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. ग्रंथ लिहा, कमिटीकडे पाठवा, पसंत पडला तर बक्षीस. भाषांतरं आणि उपयुक्त विषयांवरचे ग्रंथ यांना चांगले दिवस आले. मग शिक्षणखातं आलं, शाळा आल्या, शाळांची पुस्तकं आली. क्रमिक पुस्तक म्हणून किंवा बक्षीस म्हणून लागलं की त्या पुस्तकाचा खप ठरलेला. ही पद्धत अजून संपलेली नाही. कितीतरी घरांतलं पहिलं अवांतर पुस्तक हे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मिळालेलं असतं.

दुसरा मार्ग वर्गणीचा. ग्रंथकार किंवा प्रकाशक आधी जाहीर करी, की असा असा ग्रंथ छापायचा विचार आहे, इतके वर्गणीदार मिळाले की काम सुरू करू. पुस्तक निघालं की त्यात आश्रयदात्यांची यादी छापली जाई: अमुक संस्थानिक इतक्या प्रती, तमुक शेठ इतक्या प्रती, खाली वकील, मामलेदार, मास्तर. ही यादी उपकाराची फेड तर होतीच, पण वाचणाऱ्यासाठी ती शिफारसही होती. आपल्या तालुक्याच्या वकिलांनी घेतलंय म्हणजे घेण्यासारखं असणार.

या मार्गाने मराठीत फार मोठी कामं झाली. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांचा. त्यासाठी केतकरांनी चक्क कंपनी काढली आणि गावोगावी वर्गणीदार मिळवले. ज्यांनी पैसे भरले त्यांनी एकही पान पाहिलेलं नव्हतं. त्यांनी केतकरांवर पैसे लावले होते. आज फॉर्म भरून प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक नोंदवताना आपणही तेच करतो.

एक परीक्षण आणि अर्धी किंमत

मग आला परीक्षणकर्ता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला तिने जी धार दिली ती नाकारता येत नाही. तिच्यात ग्रंथांवरचे अभिप्रायही असत, आणि शास्त्रीबुवांची लेखणी कुणाची भीड ठेवत नसे. तरुण, इंग्रजी शिकलेला, बहुतेक ब्राह्मण असलेला वाचक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवी. चिपळूणकरांनी पुढे पुण्यात ‘किताबखाना’ नावाचं पुस्तकांचं दुकानही काढलं. काय चांगलं हे सांगायचं आणि ते विकायचंही, अशी ही सोय.

याच ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या लेखनाची टर उडवली गेली. व्याकरण चुकतं, भाषा गावंढळ, असा सूर. या परीक्षणावर भरवसा ठेवणाऱ्या वाचकाने फुल्यांचं पुस्तक घेतलं असतं का? फार थोड्यांनी. पण फुल्यांना ठाऊक होतं की आपला वाचक त्या माळेचा वर्गणीदार नाही. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ निघालं तेव्हा त्याची किंमत बारा आणे होती आणि गरीब शूद्रातिशूद्रांसाठी सहा आणे. एकाच पुस्तकाच्या दोन किमती. पुस्तकावरची ही ओळ वाचकाला सांगत होती की हे तुझ्यासाठी लिहिलंय.

तरीही अडचण उरत होतीच. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून फुल्यांनी आणखी एक वाट काढली. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. म्हणजे पुस्तक कसं आहे हे ठरवणारे लोक आधी श्रोते होते. गंमत म्हणजे सत्यशोधक विचाराच्या ‘दीनबंधु’ने त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापले नाहीत. आपल्या माणसांचं पत्रही कचरलं, पण ओट्यावर आणि चावडीवर ऐकणारे कचरले नव्हते.

१८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी पत्र पाठवून नकार दिला. ज्या लोकांना माणसाचे हक्क मिळत नाहीत त्यांचं दुःख तुमच्या ग्रंथांत येत नाही, मग आमचं तिथे काय काम, असा त्याचा आशय. आजही साहित्य संमेलनाच्या वेळी ते पत्र कुणी ना कुणी पुन्हा काढतं. त्यात एक साधी गोष्ट आहे: चांगलं पुस्तक कोणतं हे ठरवणाऱ्या खोलीत कोण बसलंय ते आधी बघा.

चव घ्या, मग विकत घ्या

विसाव्या शतकाकडे येताना मासिकांनी वाचकाला एक मोठी सोय दिली. पुस्तक घेण्याआधी ते थोडं थोडं चाखता येऊ लागलं. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. यमूचं पुढे काय झालं हे आठवड्याला कळत होतं. पुस्तक निघेपर्यंत ती घरातलीच मुलगी झालेली असणार. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक म्हणजे लेखकांची ओळखपरेड. यंदा कुणाची कथा आवडली, त्याचं पुस्तक पुढच्या वर्षी शोधायचं.

काही पुस्तकं कुजबुजीवर खपली. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. प्रकाशक ह. वि. मोटे, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणीतरी एवढं उघड लिहिलं होतं की गहजब झाला. त्यात ही विभावरी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. ते टोपणनाव बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालती बेडेकर, यांचं होतं. टीका करणाऱ्यांनी पुस्तकाची जितकी जाहिरात केली तितकी प्रकाशकाला स्वखर्चाने करता आली नसती.

याच्या अगदी उलट ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मोठ्यांनी मुलांना दिलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला आणि पुस्तक न वाचलेल्यांनाही श्याम माहीत झाला. हे पुस्तक वाचणाऱ्याने क्वचितच विकत घेतलं असेल. ते कुणीतरी कुणासाठी तरी घेतलं.

बदलून आणलेलं पुस्तक

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मराठी वाचकाने जितकी पुस्तकं वाचली त्यातली बहुतेक विकत घेतलीच नाहीत. ती त्याने वाचनालयातून ‘बदलून आणली’. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गल्लीतल्या खासगी लायब्रऱ्या वेगळ्या.

माझी आजी वाचनालयात कधीच गेली नाही. आजोबा संध्याकाळी पिशवी घेऊन जात आणि दोन पुस्तकं आणत. एक त्यांचं, एक तिचं. तिचं कोणतं हे काउंटरवरचा माणूस ठरवायचा. ‘वहिनींना हे द्या, मागच्या वेळी त्यांना ते आवडलं होतं.’ तो आजीला कधी भेटलेला नव्हता. तिला काय आवडतं हे त्याला फक्त परत येणाऱ्या पुस्तकांवरून कळे. फोनमधलं अ‍ॅप आज आपल्याशी हेच करतं, पण त्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी निरोप पाठवता येत होता: ‘हे असलं रडकं पुन्हा देऊ नका म्हणावं.’

१९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अनुदान आलं आणि ग्रंथालय हाच प्रकाशकाचा मोठा गिऱ्हाईक झाला. त्यामुळे कितीतरी चांगली पुस्तकं निघू शकली आणि गावोगावी पोचली. पण त्याची दुसरी बाजूही होती. पुस्तक कोणतं घ्यायचं हे आता खरेदी करणारी समिती ठरवू लागली, वाचणारा नव्हे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांची कधी समीक्षकांनी वाहवा केली नाही. त्यांना वाचकांनी निवडलं होतं. पानं दुमडून, हातोहात फिरवून.

दुकानदार, मासिक, चळवळ

साठच्या दशकात मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी एक वेगळंच काम केलं. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी ‘ललित’ मासिक काढलं, फक्त पुस्तकांविषयी. नवं काय येतंय, कोण काय लिहितंय, कुणाचं काय चुकलं. त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवी भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवत. वाचकांना पत्रं पाठवून त्यांची आवडती पुस्तकंही विचारली जात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मास्तरांना पहिल्यांदा असं वाटलं असेल की पुस्तकांच्या दुनियेतली खबर आपल्यालाही वेळेवर मिळते.

नेमकं त्याच सुमारास, १९६३ मध्ये, देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ काढली. ती पुढे टिकली ती वसतिगृहांमुळे. एकाने वाचायची, दुसऱ्याच्या उशाशी ठेवायची.

आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘ग्रंथाली’ आली. दिनकर गांगल आणि त्यांचे मित्र, बरेचसे पत्रकार. त्यांनी संस्थेला प्रकाशन म्हटलं नाही, ‘वाचक चळवळ’ म्हटलं. सभासद व्हा, पुस्तक स्वस्तात घ्या, इतरांनाही सभासद करा. ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगावी नेली. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ ‘ग्रंथाली’ने काढलं. दलित माणसाचं आत्मकथन, महारवाड्याची आणि कावाखान्याची कहाणी, आणि ती पांढरपेशा सभासदांच्या घरांत पोचली. दुकानात चाळून ठेवून दिली असती अशा कितीतरी लोकांनी ती वाचली, कारण ज्यांच्यावर त्यांचा भरवसा होता त्यांनी ती हातात दिली होती. फुल्यांच्या आणि शास्त्रीबुवांच्या वाचकांमधली भिंत शंभरेक वर्षांनी थोडी खचली, असं म्हणता येईल.

सहा डिसेंबर

पण भिंतीच्या त्या बाजूला लोक वाट बघत बसले नव्हते.

पुस्तकवेडा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली. महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवलं. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली, आणि पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून.

दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येणारे लाखो लोक शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तकं घेतात. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर तेच. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एका स्टॉलपाशी तासभर उभा राहिलो. रात्रभर रेल्वेने आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, सोबत लेकरं. एका मावशींनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उचललं, उलटंसुलटं केलं आणि शेजारच्या मुलाला विचारलं, ‘बाळा, हेच ना ते?’ त्याने मान डोलावली. त्यांनी कनवटीचे पैसे काढले. दुसरी एक छोटी पुस्तिका घेतली. ती कुणासाठी, विचारलं, तर म्हणाल्या, ‘नात शिकतीय. मला वाचून दाखवंल.’

त्या वेळी मला ओतूर-जुन्नरात ‘असूड’ ऐकणारे लोक आठवले. इथे परीक्षण नव्हतं, यादी नव्हती, मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्का नव्हता. पुस्तक घ्यायला सांगणारा माणूस १९५६ मध्येच गेला होता. त्याच्या सांगण्यावर लोक अजून पुस्तकं घेत होते.

राज्य सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. मागणी एवढी की खंड वेळेवर मिळत नाहीत ही तक्रार कायमची. २०२१ मध्ये छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. ‘मराठीत पुस्तकं कोण घेतं?’ असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. घेणारे रांगेत उभे आहेत. आपण त्या रांगेकडे बघत नाही, एवढंच.

पुन्हा फोल्डर

हे सगळं वाचून-ऐकून झाल्यावर मी माझा फोल्डर पुन्हा उघडला. एकशे बारा स्क्रीनशॉट. या वेळी प्रत्येकापुढे पुस्तकाचं नाव न लिहिता ते दाखवणाऱ्याचं नाव लिहिलं. जेमतेम सतरा माणसं निघाली. त्यातली चौदा पुण्या-मुंबईची, जवळजवळ सगळी माझ्याच वयाची, माझ्यासारख्याच घरांतली. अ‍ॅपला मी दोष देत होतो, पण ही सतरा नावं मीच गोळा केली होती. आश्रयदात्यांची यादी बघून पुस्तक घेणाऱ्या तालुक्याच्या मास्तरांपेक्षा मी फार पुढे आलेलो नव्हतो.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा शिवाजी पार्कला गेलो. एका स्टॉलवर परभणीकडचा एक मुलगा पुस्तकं बांधून देत होता. त्याला म्हटलं, ‘दादा, तुम्ही स्वतः काय वाचताय सध्या?’ त्याने जरा नवलाने पाहिलं. मग टेबलाखालून स्वतःची प्रत काढली, पाठपोट खुणा केलेली. दोन मिनिटं तो त्याबद्दल बोलला, मागची रांग खोळंबली.

ते पुस्तक मी घेतलं. यादीत आता अठरावं नाव आहे.